पीतज्वराची लस : हित कोणाचें?

परदेशच्या प्रवासाची तयारी म्हटली कीं तिकिटें, कपडे, फराळाचे डबे हें सारें आठवतें. दंडावर घ्यावयाची सुई मात्र शेवटीं आठवते. घाना, नायजेरिया अशा देशांत निघालेल्यास पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते. "धडधाकट माणसानें अंगांत विषाणु कां घालून घ्यावा?" असें घरांतील वडील मंडळी विचारतात. हा प्रश्न गैरवाजवी नाहीं.

मॅक्स थायलर यांनीं १९३७ सालीं सिद्ध केलेली ही लस म्हणजे दुर्बल केलेला, पण जिवंत विषाणूच होय. तिच्यामुळें क्वचित् यकृतादि इंद्रियें निकामी करणारा आजार होतो. त्याचें प्रमाण लाखांत एकाहूनहि कमी; साठीनंतर मात्र तें वाढतें. आतां दुसरें पारडें पाहूं. पश्चिम आफ्रिकेच्या रोगग्रस्त भागांत लस न घेतां पंधरवडा राहणाऱ्या लाख प्रवाशांपैकीं सुमारें ५० जणांस हा ज्वर होईल व १० दगावतील, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तेव्हां तिकडे निघालेल्या निरोगी तरुणानें लस घ्यावी, हें उघड आहे.

पण सत्तरी उलटलेली आई मुलाला भेटण्यासाठीं केवळ नैरोबीस जाणार असेल तर? त्या शहरांत या रोगाचें भय फार थोडें. लसीचा धोका मात्र तिच्या वयास अधिक. तरीहि केनियाहून परततांना आपलें सरकार तिच्याकडे प्रमाणपत्र मागतें. हा जुलूम नव्हे. भारतांत पीतज्वर नाहीं; परंतु तो पसरविणारा एडिस डांस, जो डेंग्यूहि पसरवितो, आपल्या कुंड्यांत नि पिंपांत सुखानें वाढतो. बाहेरून आलेला एक रोगी त्याला पुरेसा आहे. म्हणून प्रमाणपत्राविना येणाऱ्यास ६ दिवसांपर्यंत अलग ठेवतात.

येथें धोका एकाचा आणि लाभ सर्वांचा, असा हिशेब आहे. अशा वेळीं वृद्धांनीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. लस वर्ज्य ठरल्यास तसें त्यांचें पत्र घ्यावें, आणि परततांना अलग राहण्याची तयारीहि ठेवावी. अथवा मुलानेंच आईच्या भेटीस यावें! इतरांनीं निदान १० दिवस आधीं लस घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतें. २०१६ पासून तें जन्मभर ग्राह्य धरलें जातें. ती सुई आपल्या रक्षणासाठीं तर आहेच; पण शेजारच्या पाळण्यांतील मुलासाठींहि आहे, हें विसरूं नये.