घरात उंदीर झाले? आधी झाकण शोधा!

भिवापूरच्या मिरचीचे नाव आपल्या नागपूर जिल्ह्याबाहेरही झाले आहे. हंगाम संपला की आमच्या घरांत एका भिंतीला मिरचीची पोती लागतात आणि दुसऱ्या भिंतीला धानाची. रात्री खुडबुड ऐकू आली की आधी धानाकडे धावायचे, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तिखटपणा पक्ष्यांना झोंबत नाही. उंदराला मात्र आपल्यासारखाच झोंबतो. आपण खातो ते बहुतेक सारे उंदराला चालते. भात, गहू, डाळ, रोटीचा तुकडा, मुलांच्या हातून सांडलेले बिस्किट. म्हणूनच तो रानात न राहता आपल्या छपराखाली राहतो. आपण त्याला शत्रू म्हणतो, पण रोज रात्री त्याला जेवू घालणारेही आपणच असतो.

या शेजाराची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते मांडवी भागात. तो बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग होता. आधी उंदीर मेले, मग माणसे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात आणि माणसाला चावतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले.

ही फार जुनी गोष्ट वाटेल. पण १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात पुन्हा प्लेगच्या गाठी दिसल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, घरांतले धान्य तसेच पडून राहिले आणि त्यावर उंदीर वाढले, असे तेव्हा अनेक जाणकारांनी सांगितले. मांडवीतही धान्य होते, मामल्यातही धान्यच.

आता आपल्या दीनकडे वळू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंदराला उपद्रवी जीवांत गणले आणि इहरामच्या अवस्थेतही त्याला मारण्याची मुभा दिली. पण हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस त्याआधीची पायरी सांगते. रात्री अल्लाहचे नाव घेऊन भांडी झाका, पाण्याची मशक बांधा, दार लावा, दिवा विझवा. कारण हा उपद्रवी जीव वात ओढून नेतो आणि घराला आग लावू शकतो. आमच्या दादी झोपण्याआधी ‘बिस्मिल्लाह’ म्हणत एकेक भांडे झाकत, तेव्हा आम्हाला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटे. ती सुन्नत होती आणि उंदरावरचा पहिला इलाजही तोच होता.

आज आपण झाकण विसरतो आणि थेट विष आणतो. आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती याचीच. बाजारात उंदीर मारायची जी पेस्ट मिळते, त्यातील काहींमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. नळीतून निघते, रोटीला लावून कोपऱ्यात ठेवतात. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला तोच कोपरा आधी लागतो. पोटात गेल्यावर सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल बरे झाल्यासारखे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. यावर नेमका उतारा नाही. म्हणून असे घडल्याचा नुसता संशय आला तरी घरी उलटी करवू नका. मूल खेळत असले तरी त्याच क्षणी पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतात. म्हणजे उंदीर धरणारेच कमी होतात.

मग करायचे काय? धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा आणि कोठी विटांवर उभी करा. खरकटे रात्रभर मोरीत ठेवू नका. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढे भोक पुरते, म्हणून भोके सिमेंट आणि काचेच्या तुकड्यांनी बुजवा. एक मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. पावसाळ्यात धानाच्या बांधीत उतरताना पायाला जखम असेल तर ती झाकून घ्या. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. शेतातून आल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना शेतातल्या पाण्याबद्दल जरूर सांगा.

घरात मांजर असेल तर फारच चांगले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी मांजराला पाणी पिता यावे म्हणून वुजूचे भांडे कलते केले आणि ती नापाक नाही, घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषितांचे (स.) म्हणणे सांगितले.

पिंजरा लावलात तर सकाळी उठल्याबरोबर तो बघा. मारायचे झाले तरी चांगल्या रीतीने मारा, जीवाला तडफडवू नका, ही आपली शिकवण आहे. चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास ओरडत मरतो, ते यात बसत नाही. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. पिंजऱ्यातला उंदीर उन्हात विसरताना तीही आठवावी.

आणि अल्लाहने कुठलाही जीव फुकट घडवलेला नाही. टांझानियात मोठ्या जातीच्या उंदरांना थुंकीच्या वासावरून क्षयरोग ओळखायला शिकवतात. तिथेच शिकलेल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढले आणि २०२० साली त्याला सुवर्णपदक मिळाले. नाक तेच, दात तेच. आपण त्याच्यापुढे काय ठेवतो, यावर पुष्कळ काही ठरते.

आज रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरात एक चक्कर मारा. बिस्मिल्लाह म्हणून भांडी झाका आणि झाकण ठेवायचे काम मुलांकडे द्या. ही सवय त्यांच्या हाताला लागली, तर इन्शाअल्लाह विषाची नळी घरात आणायची वेळच येणार नाही.