हाडासारखी वाढलेली खुर्ची

रविवारच्या रश्श्यातली नळी चोखून झाली की लगेच टाकून देऊ नका. तिचं सांध्याकडचं टोक कापलेलं असेल, तर तिथं डोळा लावून पाहा. पावासारखी सच्छिद्र जाळी दिसेल. वाटते वेडीवाकडी, पण चोख हिशेबानं विणलेली असते!

१८६६ मधली गोष्ट सांगतात. झुरिकमध्ये कार्ल कुलमान या इंजिनिअरनं मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला आणि तो चक्रावला. क्रेनच्या बाकदार दांड्यातून ताण कुठून कुठं जातो, हे दाखवायला तो कागदावर ज्या रेघा ओढायचा, त्याच हाडात उमटलेल्या! हाडाला हे गणित शिकवलं कुणी? कुणीच नाही. भार पडेल तिथं हाड भर घालतं, नसेल तिथं स्वतःलाच पोखरतं. म्हणून तर टेनिसपटूच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होतं, आणि अवकाशात तरंगणाऱ्या अंतराळवीराच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ टक्क्याच्या आसपास घटते.

जर्मनीत क्लाउस माटेक यांनी झाडं आणि हाडं न्याहाळून हीच खोड संगणकाला लावली. ओपेल कंपनी त्या रीतीनं गाडीचे भाग हलके करू लागली. आणि तिथं जाऊन पोचला योरिस लारमान, विशीतला डच डिझायनर. गाडी हाडासारखी घडते, मग खुर्ची का नको?

आता गंमत बघा. बैठक आणि पाठ यांच्याखाली एक भरीव ठोकळा आहे असं समजा. संगणक त्याचे बारीक बारीक कण पाडतो. माणूस टेकला की प्रत्येक कणाची झडती: तू किती भार उचलतोस? जो नुसताच बसून खातो तो बाद. पुन्हा भार, पुन्हा झडती. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या. शेवटी उरतात फक्त कष्टाळू कण, आणि त्यांचेच होतात पाय! फाटे फुटलेले, कुठं बारीक, सांध्याशी फुगीर.

मग डिझायनरनं केलं काय? माझ्या मते, सगळं अवघड तेवढं त्यानंच केलं. भार कुठं द्यायचा, पाय कुठं टेकायचे, पदार्थ कोणता आणि थांबायचं कधी, हे संगणकाला कुठं कळतं?

पुढचा पेच ओतकामाचा. असल्या पिळदार आकाराचा साचा हातानं करायचा म्हणजे दिव्यच. लारमाननं तो सिरॅमिकमध्ये त्रिमितीय छपाईनं घडवला आणि त्यात ॲल्युमिनियम ओतलं. २००६ ची ही ‘बोन चेअर’ आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे.

तिच्या जोडीनं त्यानं एक लांब आरामखुर्ची केली, पारदर्शक पॉलियुरेथेनची. रीत तीच, झडती तीच. पण हा पदार्थ धातूपेक्षा लेचापेचा. तेव्हा त्या खुर्चीला पाय फुटले ते चांगले गलेलठ्ठ.