जपानच्या तीन बहिणी आणि आपली ‘बंगाल’

लोणारपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे नौदलातून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला : “काका, तुम्ही कधी जहाज बुडवलं का?” मी नाही बुडवलं. पण एका लढाईची गोष्ट मी त्यांना नेहमी सांगतो.

ओसाका शोसेन कैशा या जपानी कंपनीने तीन बोटी बांधून घेतल्या : होकोकु मारू, आइकोकु मारू आणि गोकोकु मारू. एकाच आराखड्यावर बांधलेल्या अशा बोटींना आम्ही सिस्टर शिप म्हणतो. प्रत्येकी सुमारे साडेदहा हजार टन, वेग 21 नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ 39 किलोमीटर. प्रवासी आणि माल नेणाऱ्या बोटीला एवढी घाई कशाची? घाई कंपनीची नव्हती, सरकारची होती. अनुदान देतानाच लढाईत या बोटी नौदलाला वापरता याव्यात असा हिशेब होता. धाकटी गोकोकु 1942 मध्ये तयार झाली, तीच मुळी तोफा घेऊन.

थोरल्या दोघींवर प्रत्येकी आठ मोठ्या तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या आणि टेहळणीची समुद्री विमानं. 1942 मध्ये त्या हिंदी महासागरात शिकारीला उतरल्या. मे महिन्यात ‘जेनोटा’ हा डच टँकर धरला, जूनमध्ये ‘एलिसिया’वर हल्ला केला, जुलैमध्ये न्यूझीलंडची ‘हाउराकी’ पकडून नेली.

मग आला 11 नोव्हेंबर. ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून ‘ओंडिना’ हा डच टँकर दिएगो गार्सियाकडे निघाला होता. सोबत राखणीला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बंगाल’. सुरुंग काढणारी, साडेसहाशे टनांची, सिडनीहून कोरी करकरीत आलेली. तिच्यावर चार इंची तोफ बसायची होती. मिळाली तीन इंची. ‘ओंडिना’वर चार इंची तोफ होती, पण गोळे मोजून 32.

समोर दोन्ही बहिणी दिसल्या. ‘बंगाल’चे कप्तान विल्सन यांनी टँकरला पळायला सांगितलं आणि स्वतःची बोट थेट होकोकुवर घातली. पोरांना मी लोणारचं सरोवर ज्या विवरात आहे, त्याचा पलीकडचा काठ दाखवतो. हे विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद आहे. याच्या साधारण दुप्पट अंतरावरून गोळाबार सुरू झाला. थोड्याच वेळात होकोकुच्या पाठच्या भागात आग लागली, दारूगोळा उडाला आणि ती बुडाली.

तो गोळा कुणाचा? आपल्याकडे श्रेय ‘बंगाल’ला देतात. तोफखान्याचं थोडंफार कळतं म्हणून सांगतो, तो ‘ओंडिना’चाच असावा. ‘बंगाल’चा पराक्रम वेगळा आहे. तिच्या तोफेने होकोकु बुडण्याची आशा कमीच होती, तरी ती पळाली नाही. गोळे संपत आल्यावर धुराच्या पडद्याआड निसटली आणि दिएगो गार्सियाला पोहोचली.

‘ओंडिना’चे हाल झाले. कप्तान हॉर्समन ठार झाले. बोट सोडून होड्यांत उतरलेल्या खलाशांवर आइकोकुने मशीनगन चालवल्या. टँकर बुडणारच असं समजून ती होकोकुची माणसं उचलून निघून गेली. उरलेले खलाशी परत टँकरवर चढले, आग विझवली आणि 18 नोव्हेंबरला त्याला फ्रीमँटलला घेऊन आले! मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी खलाशीगिरी हीच.

आइकोकु 17 फेब्रुवारी 1944 रोजी प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांत अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात फुटली. पकडलेली ‘हाउराकी’ जपानी नावाने तिथेच होती, तीही त्याच हल्ल्यात गेली. गोकोकुला नोव्हेंबर 1944 मध्ये ‘बार्ब’ या अमेरिकी पाणबुडीने बुडवलं. दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या तीन बहिणींपैकी हिए मारू आणि हेइआन मारूही गेल्या. इस्पितळ-जहाज झालेली हिकावा मारू तेवढी वाचली. योकोहामाच्या धक्क्याला ती आजही उभी आहे, लोक आत जाऊन बघतात. आपली ‘बंगाल’ मात्र कुठे बघायला मिळत नाही. 1960 मध्ये ती भंगारात काढली.