न तापणारी शेगडी : दोष कोणाचा?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विजेच्या शेगडीविषयी लेख लिहावा, याचे आमच्या सभासद-बंधूंस व त्यांच्या घरच्या मंडळींस नवल वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्युत्-शास्त्राशी आमचा संबंध नाही. परंतु एका जुन्या इंडक्शन शेगडीपायी आमच्या हातून एका सज्जन गृहस्थाचा अकारण उपमर्द झाला. त्यानंतर जाणत्या कारागिराजवळ बसून आम्ही जे समजून घेतले, ते इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी. संतपूर येथील आमच्या आडत दुकानामागील खोलीत चहासाठी व दिवस मावळण्यापूर्वी पाणी उकळून ठेवण्यासाठी एक शेगडी हवी होती. बिदरहून बदली होऊन निघालेल्या एका गृहस्थांकडून आम्ही ती नऊशे रुपयांस घेतली. दुकानी आणून दुधाचे पातेले ठेवले व बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला. शेगडीने दोन-चार वेळा शिटी वाजविली आणि ती बंद पडली. पुनःपुन्हा तेच. रागाच्या भरात आम्ही त्या गृहस्थांस फोन केला आणि "बिघडलेला माल आमच्या गळ्यात मारलात," असे चार माणसांदेखत बोलून गेलो. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "सावकार, भांडे कोणते ठेवले होते?"

भांडे अॅल्युमिनियमचे होते.

गॅसची ज्योत किंवा तारेची विजेची शेगडी स्वतः तापते व मग भांड्यास तापविते. इंडक्शन शेगडीचा प्रकार निराळा आहे. हिच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. आपल्या घरी येणाऱ्या विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात. शेगडीतील यंत्रणा ती वीस हजारांहून अधिक करून तो प्रवाह वेटोळ्यातून सोडते. त्यामुळे सतत पालटणारे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते आणि वर ठेवलेल्या लोखंडी बुडात भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह फिरू लागतात. धातू त्या प्रवाहांस विरोध करतो व त्या विरोधातून उष्णता निघते. या विद्येचे मूळ मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावलेल्या शोधात आहे. सारांश, येथे अर्धी चूल भांड्यातच असते. भांडे अयोग्य असेल तर उत्तम शेगडीही तापणार नाही.

म्हणून पहिली परीक्षा भांड्याची करावी. तांबे, पितळ व अॅल्युमिनियम यांची साधी भांडी या शेगडीस चालत नाहीत. आपल्या घरांतील कल्हईची पितळी पातेली कितीही भारी असोत, त्यांचा येथे उपयोग नाही. स्टीलचे भांडे दिसावयास एकसारखे असले, तरी त्यात भेद असतो. ज्यात निकेलचे प्रमाण अधिक, ते बहुधा चुंबकास धरीत नाही. यास उपाय सोपा आहे. डाळमिलमध्ये धान्यातील खिळे व चुका ओढून घेण्यासाठी लोहचुंबक ठेवतात, तसाच लहानसा चुंबक भांड्याच्या बुडास लावावा. तो घट्ट चिकटला तर भांडे योग्य. बूड सपाट असावे, साधारण १२ सेंटिमीटरहून लहान नसावे व भांडे वेटोळ्याच्या खुणेवर मधोमध ठेवावे. बिडाचा सपाट तवा उत्तम चालतो. गोल बुडाची लोखंडी कढई मात्र चालत नाही.

आम्ही चुंबकास धरणारे पातेले आणले आणि दूध तापले. परंतु दोनच दिवसांनी सायंकाळी शेगडी पुन्हा मध्येच बंद पडू लागली. या वेळी मात्र आम्ही फोन उचलला नाही.

दुसरी परीक्षा विजेची होय. दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. तिला १६ अँपिअरचे जाड पिनांचे सॉकेट हवे. ६ अँपिअरच्या सॉकेटावर किंवा बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावू नये. सैल सॉकेट तापते, काळे पडते व प्रसंगी पेट घेते. विजेचा दाब ठरावीक मर्यादेहून खाली गेला किंवा वर चढला, तरी शेगडी स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते. रब्बीच्या दिवसांत शेतातील पंप चालू असताना आपल्याकडे दाब कसा उतरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. आमच्या स्टॅबिलायझरचा काटा पाहिला तेव्हा सायंकाळच्या तक्रारीचा उलगडा झाला. तीच शेगडी सकाळी सुरळीत चालत होती.

तिसरी परीक्षा हवेची. शेगडीच्या बुडाशी असलेला पंखा आतील भाग थंड ठेवतो. झरोके बुजले, किंवा शेगडी कापडावर अथवा भिंतीस लावून ठेवली, तर आतील भाग तापून ती थांबते. धान्याच्या दुकानात भुसा व धूळ असावयाचीच. आमच्या शेगडीचे झरोके महिन्याभरात भरून गेले होते. अशा वेळी पिन काढून पंधरा मिनिटे थांबावे व मऊ कुंचल्याने झरोके साफ करावेत. उबेमुळे आत झुरळेही शिरतात. चूल पेटविण्यापूर्वी ती झटकून जीवजंतू नाही ना, हे पाहण्याची आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांची चाल या नव्या चुलीसही लागू आहे.

याखेरीज काही लक्षणे ध्यानी ठेवावीत. दिवाच लागत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटावर दुसरे उपकरण लावून पाहावे. दिवा लागतो पण बटणे दाद देत नाहीत, तर मुलांसाठी असलेले कुलुपाचे बटण दाबलेले असू शकते. ते काही क्षण दाबून धरल्यास बहुधा सुटते. काचेवर उमटणाऱ्या अंकांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो त्याच कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. शेगडी लावताच घरातील मुख्य बटण पडत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर पुन्हा प्रयोग करू नये.

एवढ्यावरही शेगडी तापत नसेल, तर दोष आत आहे असे समजावे आणि तेथेच थांबावे. आमचा पुतण्या उत्साहाने पेचकस घेऊन बसला होता; कारागिराने त्याचा हात धरला, हे आमचे भाग्य. पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपर्यंत वीज काही काळ साठून राहू शकते. आतील फ्यूज जळाला असेल, तर पुष्कळदा प्रवाह नियंत्रित करणारा मुख्य भागही निकामी झालेला असतो. नुसता फ्यूज बदलल्यास तोही जळतो, आणि त्याजागी तार बांधणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. काचेस तडा गेलेली शेगडी मुळीच वापरू नये, कारण उतू गेलेले पाणी विजेच्या भागापर्यंत पोहोचते. ज्यांच्या हृदयास पेसमेकर बसविला आहे, त्यांनी चालू शेगडीपासून निदान ६० सेंटिमीटर अंतर राखावे व वैद्यांचा सल्ला घ्यावा.

जुनी शेगडी घ्यावयाची असेल, तर चुंबकास धरणारे भांडे स्वतः घेऊन जावे. दोन हजार वॅटवर एक लिटर पाणी सुमारे तीन-चार मिनिटांत उकळू लागले पाहिजे. ते पाहावे, काच व पिना निरखाव्यात, पुस्तिका मागून घ्यावी आणि मगच पैसे मोजावेत. पोत्यास टोच मारून मूठभर नमुना पाहिल्याविना आम्ही कधी सौदा केला नाही. शेगडी घेताना मात्र तो नेम विसरलो. उलट, काट्याची तपासणी न करताच वजनात खोट आहे असे ओरडणाऱ्या गिऱ्हाइकास आपण जे म्हणतो, तेच त्या गृहस्थांनी आम्हांस म्हणावयास हवे होते. ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

क्षमावणीच्या दिवसाची वाट न पाहता, ज्या चौघांदेखत आम्ही बोललो होतो, त्याच चौघांना दुकानी बसवून आम्ही त्यांस पुन्हा फोन केला व क्षमा मागितली. ते हसले आणि दूध उतू जाऊ देऊ नका, एवढेच म्हणाले. नऊशे रुपयांची शेगडी तापली नसती तरी आमचे फार नुकसान झाले नसते. परंतु एका प्रामाणिक माणसाची पत आम्ही चार माणसांत उणी केली होती, ती भरून देणे अधिक निकडीचे होते. माल परत करण्यापूर्वी, आणि विशेषतः शब्द उच्चारण्यापूर्वी, बंधूंनी एकदा भांड्यास चुंबक लावून पाहावा, ही नम्र विनंती.