आतले सारवण

आमच्या जुन्या जालन्यातल्या वाड्यांत जागा पाहून जमीन केलेली असे. न्हाणीघरात शहाबादी फरशी, माजघरात शेणाचे सारवण. शरीराची बांधणीही अशीच आहे. शाळेच्या पुस्तकातली ‘अभिस्तर ऊती’ म्हणजे हेच आपले अस्तर.

फुफ्फुसातल्या वायुकोशांना चपट्या पेशींचा एकेरी थर असतो, कारण प्राणवायू त्यातून झटकन रक्तात जायला हवा. मूत्रपिंडाच्या नलिकांत पेशी ठोकळ्यांसारख्या असतात. आतड्यात त्या खांबांसारख्या उंच असतात, पचलेले अन्न शोषून घेतात. श्वासनलिकेतल्या पेशींना बारीक केस असतात. मोंढ्यात फिरताना नाकातोंडात गेलेली धूळ ते वर ढकलतात. घासाघीस जास्त तिथे मात्र थरावर थर असतात. कातडी, अन्ननलिका आणि तोंड ही अशी ठिकाणे.

या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालून झिरपते. झीज रोजची, म्हणून सारवणही रोजचे. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते, कातडीला चारेक आठवडे लागतात. पण पेशी सतत नव्या होतात, तिथे बिघाडालाही वाव असतो. मोठ्या माणसांचे बहुतेक कर्करोग अस्तरातच सुरू होतात.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध अभ्यासला. गालात धरलेली तंबाखू त्यात आलीच. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू-सुपारीची सवय काही सुटली नाही.

आमच्या गल्लीतला एक तरुण पाणीपुरी तोंडात मावत नाही म्हणून हसतो. मला हसू येत नाही. सुपारीने अस्तराखालचा भाग ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते. गालातला पांढरा चट्टा तर बहुधा दुखतही नाही, म्हणून दुर्लक्ष होते. अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. बिघाड त्याच्या वर आहे तोवर तो पसरत नाही, उपचारही सोपे असतात.

तेव्हा आज आरशासमोर उभे राहून तोंड उघडावे. तीन बोटे उभी मावतात का, गालात चट्टा आहे का, ते पाहावे. दोन आठवड्यांत न भरलेला फोड डॉक्टरांना दाखवावा. आणि घरातल्या तंबाखू खाणाऱ्याला आधी आरशासमोर उभे करावे.