थोरली पाती, धाकटी पाती आणि खेळाचा संगणक

धारच्या राजा भोजाचे नाव निघाले की एकेका श्लोकाला लक्ष लक्ष मोहरा दिल्याच्या गोष्टी निघतात. पण त्याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथातला एकतिसावा अध्याय सबंधच्या सबंध यंत्रांवर आहे, ही गोष्ट खुद्द धारकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. अकराव्या शतकातला हा ग्रंथ गणपतिशास्त्री यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२४-२५ साली छापविला. त्या अध्यायात लाकडी पक्षी आहेत, यांत्रिक द्वारपाल आहेत, कारंज्यांची धारागृहे आहेत. म्हणजे पुष्कळशी यंत्रे चक्क करमणुकीची आहेत. आणि चांगले यंत्र कोणते, तेही भोजाने सांगून ठेवले आहे. त्यात घटकांची बीजे योग्य प्रमाणात पडलेली असावीत, सांधे नीट जुळलेले असावेत, चाल अडखळती नसावी, नको तेव्हा आवाज नसावा, ते सैलही नसावे आणि ताठरही नसावे, आणि पुष्कळ काळ टिकावे. बांधणीचा तपशील मात्र त्याने मुद्दामच दिलेला नाही. अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राखावी म्हणून, असा खुलासाही त्याने केला आहे!

आज धार-देवासच्या मराठी घरांतून पुन्हा एका खेळाच्या यंत्राची मागणी होऊ लागली आहे. मुलगा बारावी झालेला असतो. "बाबा, अभ्यासालाही तोच होईल हो," असे तो म्हणतो, आणि ते अगदीच खोटे नसते. बाबा पिथमपूरच्या नाही तर देवासच्या कारखान्यात असतात. दिवाळीचा बोनस आणि आईने भिशीत साठविलेले पैसे मिळून चाळीस-पन्नास हजारांची सोय होते. तयार संगणक घेतला तर त्या पैशांत खेळाच्या दृष्टीने पांगळा मिळतो. म्हणून सुटे भाग निवडून जोडून घ्यावयाचा, हा मार्ग उरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडने आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसने ही 'असेंबल' करण्याची विद्या आपल्या मध्यमवर्गाला केव्हाच शिकविली आहे. आता प्रश्न एवढाच की बीजांचे प्रमाण कसे साधावे?

पहिली चौकशी भागांची नव्हे, खेळाची आणि पडद्याची करावी. नेहमीचा मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एका चित्रात सुमारे वीस लाख सत्तर हजार ठिपके. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर ते बरोबर चौपट होतात, आणि ते रंगविण्याचे कामही त्या मानाने वाढते. स्वस्तातला संगणक पहिल्या पडद्यापुरताच बांधावा. व्हॅलोरंटसारखे खेळ कामाला हलके आहेत. २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटात जे चित्रयंत्र आहे तेवढ्यावरही ते सुखाने चालतात. मुलगा तेवढेच खेळणार असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड आज न घेता पुढच्या बोनसवर टाकता येते. मोठाली नगरे नि अरण्ये उभी करणारे खेळ हवे असतील तर मात्र कार्डावाचून गत्यंतर नाही.

येथे देवासचे उदाहरण उपयोगी पडते. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंपासून देवासच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन महाराज, दोन दरबार, दोन कारभार, आणि मध्ये देवीची एकच टेकडी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याने त्या काळच्या आठवणी 'द हिल ऑफ देवी' या नावाने १९५३ साली पुस्तकरूपाने काढल्या, त्यात या दुहेरी संसाराचे मोठे गमतीदार वर्णन आहे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. परंतु खेळाच्या संगणकात ती व्यवस्था अद्याप चालू आहे! प्रोसेसर ही एक पाती आणि ग्राफिक्स कार्ड ही दुसरी. खेळात कोण कोठे आहे, गोळी कोणाला लागली, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि हुकूम काढतो. त्या हुकुमाबरहुकूम चित्र रंगवावयाचे काम कार्डाचे. एक पाती श्रीमंत आणि दुसरी दरिद्री ठेवली तर श्रीमंताने दरबार भरवून बसावे आणि दरिद्र्याच्या हलकाऱ्याची वाट पाहावी, एवढेच घडते. पैसे खर्च झालेले असतात, आणि चित्र पूर्वीसारखेच अडखळत चालते.

तेव्हा जोडी समान तोलाची हवी. इंटेलचा कोअर आय३ १२१००एफ हा चार गाभ्यांचा, किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा, आणि त्याच्या बरोबर रेडिऑन आरएक्स ६६०० हे आठ जीबीचे कार्ड: या जोड्या पुष्कळांनी वापरून पाहिलेल्या आहेत, आणि १०८०च्या पडद्याला पुरतात. एकंदर रकमेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक कार्डावर घालावा, असा एक ठोकताळा आहे. आमच्या मते तो धरून चालण्यास हरकत नाही. एक खूण मात्र ध्यानात ठेवावी. इंटेलच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर त्या प्रोसेसरच्या पोटात चित्रयंत्र नसते. कार्ड पुढे कधी तरी घेऊ असे म्हणून तो आणला तर घरी पडदा काळा तो काळाच राहील.

आणि 'आय५' या अक्षरांना भुलू नये. "भिया, आय५ है, ग्राफिक कार्ड भी है," असे सांगून पंधरा-वीस हजारांत गोंडस खोके पुढे सरकविले जाते. आत २०१२च्या सुमारचा प्रोसेसर आणि जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड असते. त्या काळचा आय५ चार गाभ्यांचा असला तरी आजच्या आय३पुढे तो टिकत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे पत्करीत नाही. विंडोज ११वर व्हॅलोरंट तर टीपीएम २.० आणि सेक्युअर बूट यांची सोय असल्याशिवाय दारातच अडवितो. भोजराजाने गुप्तता राखली ती निदान सांगून तरी राखली. येथे सर्व काही खोक्यावर छापलेले असते आणि तरी लपलेले असते. पिढी कोणती, हा एकच प्रश्न दुकानात विचारावा. पुष्कळदा तेवढ्यानेच खोके परत फळीवर जाते.

मदरबोर्डावर फार खर्च करू नये. एएमडीची एएम४ बैठक २०१६ पासूनची आहे, तिच्यावर भाग स्वस्त मिळतात. २०२२ साली आलेल्या एएम५ला पुढचे आयुष्य अधिक, पण तिला डीडीआर५ जातीचीच रॅम लागते आणि पहिलाच खर्च वाढतो. बी४५० जातीचा जुना बोर्ड घेतल्यास त्याचे बायॉस नव्या प्रोसेसरला ओळखते ना, ते दुकानातच पाहून घ्यावे. रॅम सोळा जीबी हवी, आणि तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांची. दोन पट्ट्या असल्या म्हणजे ये-जा करण्याचे रस्ते दोन होतात, आणि प्रोसेसरच्या पोटातले चित्रयंत्र वापरावयाचे असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मागणी वाढविल्यामुळे रॅमचे भाव एकदम चढले, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकांवर विसंबून बाजारात जाण्यात अर्थ नाही. साठवणीला एसएसडी घ्यावी. कळफलक आणि माउस घरात असतील ते चालतात.

आता ज्या भागाकडे मुलगा ढुंकूनही पाहत नाही त्याविषयी. एसएमपीएस म्हणजे वीज पुरविणारी पेटी. तिच्यामुळे खेळ तसूभरही वेगाने चालत नाही, म्हणून काटछाटीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या पेटीवर ५०० वॅट असे ठसठशीत लिहिलेले असते. ती हातात घेतली की इतकी हलकी लागते की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. वास्तविक हिशेब सोपा आहे. वर सांगितलेले कार्ड सुमारे १३२ वॅट घेते, प्रोसेसर ६५च्या आसपास किंवा थोडा अधिक, बाकीचे सर्व मिळून आणखी पन्नास-साठ. म्हणजे खरोखरीची ४५० ते ५५० वॅटची पेटी भरपूर होते. साडेसातशेचीही गरज नाही आणि खोट्या पाचशेचीही नाही. '८० प्लस ब्राँझ' अशी खूण पाहावी. निम्म्या भारावर अशी पेटी घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के कामी लावते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते आणि येताना दाब उसळवीत येते, तेव्हा वाईट पेटी एकटी मरत नाही, शेजाऱ्यांना घेऊन मरते. सबंध भिशी तिच्या मागोमाग जाते. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो. वरच्या संगणकाला तो खेळ नीट बंद करण्यापुरता पुरतो.

विजेच्या बिलाविषयीही आईच्या मनात शंका असते, आणि ती रास्त आहे. तीनशे वॅटचा संगणक रोज चार तास खेळला तर महिन्याला छत्तीस युनिट होतात. हा आकडा आधीच सांगून टाकावा. मग भांडण संगणकावरून होत नाही, फार तर चार तासांवरून होते.

माळव्याची रात्र पूर्वी गारव्यासाठी नावाजलेली होती. मे महिन्याच्या दुपारीचे मात्र कोणी कौतुक केलेले ऐकिवात नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की खोलीतली हवाच तापलेली असते, आणि त्याच हवेने संगणकाने थंड व्हावयाचे असते. तापमान हद्दीबाहेर गेले की प्रोसेसर आणि कार्ड आपण होऊन वेग कमी करतात. म्हणून समोर अखंड काच आणि आत इंद्रधनुष्यासारखे दिवे असलेले कॅबिनेट पाहून मोहू नये. समोर जाळी, आत शिरणारा एक पंखा, बाहेर टाकणारा एक, आणि धुळीची चाळण काढून धुता येईल अशी सोय, एवढे पाहावे. दिव्यांचे पैसे कार्डाकडे वळवावेत. (मुलगा रुसेल. रुसू द्यावे.)

वापरलेली कार्डे स्वस्तात मिळतात. २०२१च्या सुमारास इथेरियम हे आभासी चलन खणण्यासाठी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस राबविली जात आणि गरजवंताला दामदुप्पट देऊनही मिळत नसत. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खाणी बसल्या, आणि ती दमलेली कार्डे बाजारात आली. सरसकट ती टाकाऊ म्हणता येत नाहीत. परंतु अर्धा तास खेळ चालवून दाखविल्याशिवाय, पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि वॉरंटी किती उरली हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ज्याला हे जमणार नाही त्याने थोडे लहान पण नवे कार्ड घ्यावे.

खरेदीला बहुधा इंदूरच गाठावे लागते. देवासहून पस्तीस किलोमीटर, धारहून साठाच्या वर. सिल्व्हर मॉलमधल्या दोन-तीन दुकानांत एकच यादी दाखवून भाव विचारावेत, म्हणजे कोण कोणता भाग बदलून सुचवितो ते आपोआप कळते. कच्च्या बिलावर अठरा टक्के जीएसटी वाचल्याचा आनंद तीन वर्षांची वॉरंटी मागावयास गेल्यावर मावळतो. बिल पक्केच घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. जोडणी डोळ्यांदेखत करवावी, एकदा चालू करून पडद्यावर प्रोसेसर, रॅम आणि कार्ड यांची नावे वाचून पाहावीत. मग कार्ड पुन्हा काढावयास सांगावे. परतीची बस खड्ड्यांतून उसळते आणि कार्डाचे वजन त्याच्या खाचेला तोलवत नाही. कॅबिनेट सीटवर आडवे ठेवावे, आणि कार्ड त्याच्या स्वतःच्या खोक्यात घालून मुलाच्या मांडीवर द्यावे.