ओढ्यातले सोबती – ७ : शिंगटीला वाहतं पाणी

मागच्या आठवड्यात टाकीतलं पाणी ‘पिकवायचं’ कसं ते पाहिलं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत वस्तीला यायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढा धीर ज्यांनी धरला, त्यांच्यासाठी आजची पाहुणी शिंगटी. मिशांची, बिनखवल्यांची, दिवसा दगडाखाली दडी मारणारी.

नाव आपल्या नदीकाठचं आणि थेट शास्त्रात जाऊन बसलेलं. विल्यम साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडला. त्याच्या चार कलेक्टोरेटांपैकी अहमदनगर एक. १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णनं छापताना त्याने लोकांच्या तोंडची नावंच उचलली, म्हणून ‘मिस्टस सींगटी’ असं अर्धं मराठी शास्त्रीय नाव झालं. त्याच पाहणीतला ‘लोनाह’ मासा आज ‘ग्लिप्टोथोरॅक्स लोनाह’ म्हणून ओळखला जातो. बाजारात मात्र शिंगटी म्हणजे एकच मासा नव्हे. मिस्टस प्रजातीतले चार-दोन प्रकार त्याच नावाने एका पाटीत पडतात. टाकीसाठी वीतभर वाढणारी पट्टेवाली शिंगटी बरी.

लोनाहच्या मोहात पडू नका. त्याच्या छातीवर कातडीच्या बारीक घड्या असतात, त्यांच्या जोरावर तो धबाबा कोसळणाऱ्या पाण्यात दगडाला घोरपडीसारखा चिकटून राहतो. असा मासा काचेत आणणं म्हणजे धबधबाच घरी आणणं. शिंगटीचं तसं नाही. आपल्या प्रवरा नदीचं पाणी भंडारदऱ्याच्या धरणात १९२६ पासून अडलेलं आहे आणि खाली ते सिंचनाचं आवर्तन सुटेल तसं येतं. दोन आवर्तनांच्या मधे नदी डोहांपुरती उरते, आणि शिंगटी त्या डोहातही दिवस काढते. तेवढ्यावरून तिला साचलेलं पाणी आवडतं असं समजू नका. ती सोसते, एवढंच.

तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. तासाला हजार-बाराशे लिटर फिरवणारा पंप एका टोकाला लावा. तळाला नदीची बारीक वाळू आणि घासून गुळगुळीत झालेले गोटे. रंगीत काचखडी नको, तिच्या कडांनी मिशा झिजतात, आणि शिंगटी अंधारात अन्न मिशांनीच हुडकते. पाच-सहा जणी एकत्र ठेवा. तोंडात मावेल तो मासा मात्र त्यांचं जेवण असतो. खाणं दिवे मालवल्यावर, बुडणारं.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. त्यात अमोनिया जास्त जहाल होतो: ७ पीएचवरून ८ वर गेलात की त्याचा विषारी भाग जवळपास दसपट होतो. म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचा कंटाळा चालणार नाही. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवा. शिंगटीच्या अंगावर खवले नसल्याने औषधाची मात्राही निम्म्यापासून सुरू करा.

जाळीने धरू नका. पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा ताठ करून ती जाळीत अशी अडकते की शेवटी कात्रीच लागते. काटा बोटात गेला तर संध्याकाळपर्यंत ठणकतं. प्लास्टिकचा मग बरा. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या ओढ्यातून काहीही उचलायचं नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

राहता राहिली वीज. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर साडेसातच. म्हणजे एप्रिलात मासा जास्त धापा टाकतो आणि पाण्यात प्राणवायू कमी. नेमकी तेव्हाच वीज जाते आणि पंप थांबतो. एका दुपारी वीज गेली तेव्हा आमच्या शिंगट्या भर उजेडात दगडाखालून निघाल्या आणि पृष्ठभागाशी तोंडं लावून उभ्या राहिल्या. बॅटरीवरचा हवेचा पंप तेव्हा घरात नव्हता. स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलंच पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत सोडायचं, असं पाऊण तास चाललं. दंड भरून आले. तिसऱ्या-चौथ्या तांब्यालाच त्यातली सर्वांत लहान शिंगटी बरोबर धारेखाली येऊन थांबली होती.